भूत खेळात असावे, डोक्यात नसावे

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. पहाटे आपल्याकडे अभ्यंगस्नान झाले, अंगणात पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटले आणि नरकासुर मेला. त्याच दिवशी संध्याकाळी न्यू जर्सीतल्या आणि लंडनमधल्या मराठी घरांतली पोरे सांगाड्याचे, चेटकिणीचे कपडे चढवून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारांत खाऊ मागायला उभी राहिली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांतही हे आता नवे राहिलेले नाही. तिथी आणि तारीख जुळली हा योगायोग होता. पण दोन्हीकडे मोठ्या माणसांनी मुलांच्या हाती एक राक्षस दिला आणि त्याच्याशी खेळायला सांगितले, याला योगायोग म्हणता येत नाही. माणसाची ती फार जुनी गरज आहे.

ही गरज मोकळेपणाने मान्य करावी, असे माझे म्हणणे आहे. भुताराक्षसांच्या गोष्टी, नाटके, सिनेमे घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून मनसोक्त पाहावेत, ऐकावेत, स्वतः सोंगे काढावीत. त्यांतले काही खरे आहे असे मात्र कुणी कुणाला सांगू नये, गमतीतही नाही. या दोन गोष्टींत अंतर केवढे आहे हे न ओळखल्यामुळे आपण एकीकडे मुलांचा खेळ बंद करतो आणि दुसरीकडे देवऋषीला दार उघडे ठेवतो.

एका गावाचे उदाहरण घेऊ. येलदरी हे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले पूर्णाकाठचे गाव. १९६८ साली पूर्ण झालेल्या धरणाने त्याचे नाव मराठवाडाभर पोचवले. धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. जिथे वीजच जन्माला येते, तिथे अंधाराचे भय टिकायला नको होते. दिवा लागला की भुते पळतात, हे आपले आवडते गृहीतक. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात पाहा, पिंपळाजवळ खांब आला, त्यावर दिवा लागला, म्हणून मुंजा गेला असे झाले नाही. तो आधी टीव्हीत शिरला, आता मोबाइलमध्ये बसला आहे. दिवाळीच्या तोंडावर तिथल्याही पोरांच्या फोनवर भोपळ्यांचे हसरे-भेसूर चेहरे, रक्ताळलेले मुखवटे आणि ‘खऱ्या भुताचे चित्रण’ अशा नावाच्या चित्रफिती येऊन धडकतात. आईबाप हे पाहतात आणि दोन तक्रारी करतात. एक, हे आपले नाही. दुसरी, याने अंधश्रद्धा वाढते. दोन्ही तक्रारी करणारी माणसे मुलांच्या काळजीनेच बोलतात, म्हणून दोन्हींना नीट उत्तर द्यायला हवे.

पहिली तक्रार आधी घेऊ. भुताची गोष्ट परकी असेल तर ती निदान गोदावरीच्या खोऱ्याला तरी परकी नाही. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात गुणाढ्याची हकीकत येते. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या या पंडिताने सात लाख श्लोकांची कथा पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या बोलीत लिहिली. राजाने ती नाकारली. गुणाढ्य अरण्यात गेला, अग्नी पेटवला आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला वनातली जनावरे जमली आणि चरायचे विसरली. राजाला उपरती होईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते, उरला तो एक लाख. हे प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा तो राजा, त्रिविक्रमसेन, सोमदेवाच्या सांगण्यानुसार गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच. येलदरीचे पूर्णेचे पाणी पुढे ज्या नदीला मिळते, त्या नदीच्या काठी जगातल्या एका अत्यंत नामांकित भूतकथेचे घर आहे.

ही कथा पोथीत पडून राहिली नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० साली छापली गेली. मराठीत छापील पुस्तक ही चीजच तेव्हा नवी होती. सुरुवातीच्या त्या मोजक्या पुस्तकांत वेताळाला जागा मिळाली होती. १९५२ पासून मराठीतून निघालेल्या ‘चांदोबा’ने तो दर महिन्याला घरोघर नेला. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ लागले तेव्हा सगळे घर पडद्यासमोर बसत असे, आणि पांढऱ्या केसांचा तो वेताळ झाडावर परत उडाला की लहान पोर आजीला बिलगत असे.

वेताळाने त्या पोराला काय दिले हेही पाहिले पाहिजे. दर गोष्टीच्या शेवटी तो एक पेच टाकतो. एका बाईचा नवरा आणि भाऊ देवीपुढे आपापली डोकी कापून घेतात. देवी प्रसन्न होऊन धडांना डोकी लावायला सांगते, घाईत ती उलटसुलट लावली जातात. आता हिचा नवरा कोणता, डोके ज्याचे आहे तो की धड ज्याचे आहे तो? राजाला उत्तर माहीत असून तो गप्प बसला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर वेताळ निसटेल. याच पेचावर जर्मनमध्ये थॉमस मानने कादंबरिका लिहिली आणि कन्नडमध्ये गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’ उभे केले. आठ वर्षांचे मूल या प्रश्नावर हमरीतुमरीने भांडते. स्मशान, प्रेत, वडाची पारंबी हे सगळे त्याला जागे ठेवण्यापुरते. खरे काम त्या प्रश्नाचे. भीतीने कान टवकारले जातात आणि टवकारलेल्या कानांत न्यायाचा प्रश्न शिरतो.

त्याच पैठणात सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडे रचली. विंचवावर भारूड आहे, तसे भुतावरही आहे. भूत लागणे, देवऋषी, उतारे असा गावाच्या ओळखीचा सारा सरंजाम मांडायचा आणि ते भूत म्हणजे सगळीकडे भरून राहिलेला ईश्वर, असे शेवटी सांगायचे. सोंगाड्या अंगात आल्यासारखा घुमतो, बायाबापड्या पोट धरून हसतात. ज्या गोष्टीने रात्री झोप उडायची, तिचेच सोंग चावडीसमोर हसण्याचा विषय होते, हे लोकशिक्षण मराठवाड्याने चारशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

बाकी महाराष्ट्र आणि गोवाही यात मागे नाहीत. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. कागद-बांबूच्या या अक्राळविक्राळ बायांबरोबर त्या त्या वर्षीच्या सार्वजनिक दुष्टाव्याचे बडगे निघतात आणि गावाची इडापिडा घेऊन सगळे जळतात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात. पोरे आठवडेच्या आठवडे खपून त्यांचे डोळे, सुळे, नखे घडवतात आणि पहाटे त्यांना आग लावतात. मराठवाड्यात दिवाळीच्या दिवसांत गुराखी पोरे लव्हाळ्याच्या दिवट्या घेऊन गाई-म्हशी ओवाळत घरोघर फिरत. त्यांना धान्य, तेल, पैसा मिळे. पीक हाती आले आहे, दिवस लहान होत चालले आहेत, अंधार वाढतो आहे, अशा वेळी पोरांनी उजेड घेऊन दारोदार जायचे आणि मोठ्यांनी त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सुगी संपताना हॅलोविनला जे होई तेही याच घाटाचे. तिथे सलगम कोरून दिवे करत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मुबलक, म्हणून भोपळ्याचे दिवे झाले. सण असेच फिरतात आणि ज्या मातीत जातात तिथले साहित्य उचलतात.

उसने घेतलेले आपले होऊ शकते, याचा पुरावा प्रत्येक मराठी घरात आहे. ‘चाइल्ड्स प्ले’ हा बाहुल्यात शिरलेल्या खुन्याचा अमेरिकी सिनेमा १९८८ साली आला. त्या कल्पनेवरून महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’ केला. रामदास पाध्ये यांनी बाहुला घडवला, दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, आणि तात्या विंचू असा काही मराठी झाला की तीन पिढ्यांना तो पाठ आहे. मूळ सिनेमा मोठ्यांसाठी होता. मराठी माणसाने त्यात लक्ष्मीकांत बेर्डे घातले, बोलक्या बाहुल्यांची आपल्याकडची जुनी कला घातली आणि मुलांना मांडीवर घेऊन बघता येईल अशी गोष्ट केली. हॅलोविनबाबतही आपल्याला हेच करता येते. वेश विकत आणायची गरज नाही आणि भोपळाही कोरायला नको, त्याचे घारगे करावेत. सोंगासाठी मुंजा, वेताळ, चेटकीण, बागुलबुवा, नरकासुर हाताशी आहेत. मुलांना जुना अमेरिकी राक्षस आवडला तर तोही घ्यावा. पंक्तीत एक पान वाढले म्हणून कुणाचे जेवण कमी होत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण या राज्यात भुताने खरोखर माणसे मारली आहेत. ती मारणारे हात जिवंत माणसांचे होते. मानसिक आजार झालेल्या बाईला बाधा झाली म्हणून खांबाला बांधतात, मिरच्यांची धुरी देतात. साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात आणि वाटेतच तो जातो. सातपुड्यात नंदुरबारकडे बायांना डाकीण ठरवून त्यांचा छळ झाला आहे. या सगळ्याविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे, धुरी देणे हा गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. असा कायदा ज्या समाजाला करावा लागतो, तिथे भुताच्या करमणुकीची बाजू घेणाऱ्याने जपून बोलले पाहिजे, हे मला मान्य आहे.

जपूनच सांगतो. या घटनांमध्ये भूत खेळातले नसते. कुणी गोष्ट सांगितली म्हणून त्या घडत नाहीत. कुणीतरी ‘हे खरे आहे’ असे अधिकाराने सांगितलेले असते आणि ऐकणाऱ्याला ते तपासायची मुभा नसते. खेळात याच्या बरोबर उलट घडते. सोंगामागे शिंप्याचा पोरगा आहे हे सगळ्या गावाला माहीत असते आणि तरीही सगळे गाव घाबरल्याचा आनंद घेते. डोळे भीती पाहत असतात, मनाचा एक कोपरा मुखवट्याची दोरी पाहत असतो. एकाच वेळी दोन्ही पाहता येणे ही फार मोठी बौद्धिक कमाई आहे. ज्या मुलाला ती साधली, त्याला पुढे एखादा बुवा हवेतून अंगारा काढून दाखवू लागला तर ते आपोआप त्याच्या बाहीकडे पाहील.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. ते शाळेत येतात, पेटता कापूर जिभेवर ठेवतात, लिंबातून रक्त काढतात, मुले श्वास रोखून पाहतात, आणि मग ते त्यामागची युक्ती फोडून सांगतात. काही जण अमावस्येच्या रात्री स्मशानात सहल नेतात. हाही राक्षसांचाच खेळ आहे, शेवटी मुखवटा उतरवणारा. १९६९ साली सुरू झालेल्या ‘स्कूबी-डू’ या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेत दर भागाच्या शेवटी मुले भुताचा मुखवटा ओढतात आणि आत एखादा लोभी माणूस निघतो. दाभोलकरांच्या चळवळीचे कार्यकर्ते आणि ही चार मुले व त्यांचा भित्रा कुत्रा यांची कधी भेट झालेली नाही, पण दोघांचा धडा एक आहे: भुतामागचा माणूस शोधा, त्याला यात काय मिळते ते विचारा.

मुलांचे मन हे काम कसे करते ते एकदा दिवाळीच्या सुट्टीत जवळून पाहायला मिळाले. एका घरात दहा वर्षांच्या मुलीने चेटकीण व्हायचे ठरवले. खोक्याच्या पुठ्ठ्याचा मुखवटा, त्याला कोळशाने काढलेल्या भुवया, कापसाचे केस, अंगावर आजोबांची घोंगडी, आणि बोटांना सुतळीने बांधलेल्या सोयाबीनच्या सुक्या शेंगा, म्हणजे नखे. दिवा मालवून ती ओसरीत आली तेव्हा सहा वर्षांचा भाऊ किंचाळून आजीच्या पदराआड गेला. तिने लगेच मुखवटा वर केला. तो रडत-हसत जवळ आला, शेंगा चाचपून पाहिल्या, एक मोडून दाणा खाल्ला आणि म्हणाला, आता मला दे. पाच मिनिटांनी तोच चेटकीण होऊन आजीला भेडसावत होता आणि आजी पदराने तोंड झाकून ‘अगं माय’ करत होती. घाबरणारा तोच, घाबरवणाराही तोच. भीतीची सगळी यंत्रणा त्याने हात लावून पाहिली, तिची चवसुद्धा घेतली. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधतात, तसे हे सोंग आहे. त्याच्या आधाराने मूल खोल पाण्यात उतरते आणि बुडत नाही. अंधार, मृत्यू, एकटेपण हे खोल पाणी कुणालाच चुकत नाही. त्यात पहिल्यांदा उतरताना आधार असलेला बरा.

इथे एक चूक आपणच करतो. पोर जेवत नाही म्हणून बागुलबुवा बोलावतो, झोपत नाही म्हणून बुवाच्या झोळीत घालतो. नदी-विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले आसरांचे सात दगड असतात. तिथे जाऊ नको, त्या ओढून नेतात, असे सांगून मोठी माणसे पोरांना पाण्यापासून दूर ठेवत आली. हेतू चांगला होता, त्याने कित्येक जीव वाचलेही असतील. पण मोठ्यांनी खरे म्हणून सांगितलेले भय मुलाच्या खेळात येत नाही, त्याच्या मनात ठाण मांडते. धरणाच्या गावातल्या मुलाला गाळ, अचानक वाढणारी खोली, सोडलेल्या पाण्याची ओढ यांविषयी सरळ सांगावे आणि पोहायला शिकवावे. आसरांची गोष्ट रात्री अंगणात सांगावी, गोष्ट म्हणून. ज्या घरात मुलाला भूत खरे म्हणून सांगतात आणि भुताचा सिनेमा मात्र अंधश्रद्धा म्हणून बंद करतात, त्या घराने दोन्ही गोष्टी उलट्या केल्या आहेत.

अभिजात राक्षसांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ते दया शिकवतात. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेली मित्रमंडळी भुताच्या गोष्टी वाचू लागली आणि प्रत्येकाने एक लिहायची अशी पैज लागली. अठरा वर्षांच्या मेरी शेलीने सुरू केलेली गोष्ट १८१८ साली ‘फ्रँकेनस्टाइन’ म्हणून छापली गेली. १९३१ साली जेम्स व्हेल यांनी तिच्यावरून सिनेमा केला आणि बोरिस कार्लोफने राक्षस उभा केला: चौकोनी कपाळ, जड पापण्या, आखूड बाह्यांतून बाहेर आलेले हात. त्यातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला भेटते. सगळे जग ज्याला पाहून पळते, त्याला ती फुले देते. दोघे एकेक फूल पाण्यात टाकतात, फुले तरंगतात, राक्षस पहिल्यांदा हसतो. फुले संपतात. तीही तरंगेल असे समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते, आणि तो भेदरून पळतो.

त्या काळच्या कातरीने हा प्रसंग मध्येच तोडला. राक्षसाचे हात मुलीकडे जातात आणि दृश्य बदलते. पुढे थेट बापाच्या हातांवर मुलीचे प्रेत. भिववू नये म्हणून कापले, आणि झाले असे की मधल्या जागेत प्रेक्षकांनी नाही नाही ते भरले. अजाण जीव क्रूर ठरला. अनेक दशकांनी तो तुकडा परत जोडला तेव्हा कळले की त्याला खेळायचे होते. घरात मुलांबरोबर काय पाहावे हे ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. अर्धवट लपवलेले अधिक भिववते. दाखवायचे नसेल तर ते वय येईपर्यंत थांबावे, आणि दाखवायचे तर पूर्ण दाखवून शेजारी बसावे.

या चष्म्यातून आपली भुते पाहिली की त्यांचेही चेहरे बदलतात. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ झाली. धनाचा लोभ सुटला नाही तो समंध म्हणून पुरलेल्या हंड्यावर बसला. ही यादी गावाच्या न फिटलेल्या दुःखांची आहे. ज्या बाईला वेळेवर सुईण किंवा दवाखाना मिळाला नाही, तिला आपण मेल्यावरही सोडले नाही, रस्त्यावर उभी करून शिव्या दिल्या. हडळीची गोष्ट सांगताना मुलीने विचारले की ती अशी का झाली, तर उत्तर टाळू नये. त्या एका उत्तरात आरोग्यकेंद्र, कोवळ्या वयातले लग्न आणि बाईच्या जिवाची किंमत हे सगळे येते.

चेटकिणीबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते, आणि ती मी दडवणार नाही. मराठी बालरंगभूमीचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केले ते रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधल्या चेटकिणीने प्रभावळकरांपासून २०१८ मध्ये वैभव मांगल्यांपर्यंत नाट्यगृहे दणाणून सोडली. मुले तिच्यावर ओरडतात, तिला दम देतात, शेवटी तिच्याच प्रेमात पडतात. पण ती नेहमी म्हातारी, वाकलेली, एकटी राहणारी बाई का, हा प्रश्न उरतोच. सातपुड्यात ज्यांना डाकीण ठरवले त्याही अशाच आधार नसलेल्या बाया होत्या. याला उत्तर म्हणून नाटक बंद करावे असे मला वाटत नाही. प्रयोगानंतर मुलाला रंगपटात न्यावे, रंग पुसताना नट दाखवावा, आणि घरी येताना सांगावे की चेटकीण फक्त नाटकात असते, गल्लीत एकटी राहते ती कुणाची तरी आजी असते. एवढे बोलणे नाटकाइतकेच गरजेचे आहे.

आता घरात काय चालेल आणि काय नाही, याची रेघ कुठे ओढायची? पहिली रेघ वयाची. २०१८चा ‘तुंबाड’ लोभाच्या राक्षसावरचा फार मोलाचा सिनेमा आहे. त्याच्या मुळाशी नारायण धारपांची कथा आहे. पण त्याला प्रौढांचे प्रमाणपत्र आहे आणि ते योग्य आहे. धारप, मतकरींच्या गूढकथा मोठ्यांनी आधी वाचाव्यात, मुलांना त्या कळत्या वयात द्याव्यात. लहानांसाठी ‘एक डाव भुताचा’ आहे, १९८२चा, अशोक सराफांचे शिवकाळातले भूत आणि प्रभावळकरांचे बुजरे मास्तर यांच्या दोस्तीचा. हॉलिवूडच्या ज्या स्टुडिओने ड्रॅक्युला, लांडगामाणूस आणि फ्रँकेनस्टाइनचा राक्षस भयंकर केले, त्यानेच १९४८ साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीला त्यांच्यासमोर सोडले आणि जग हसले. बेला लुगोसीने त्यात ड्रॅक्युला तितक्याच गांभीर्याने केला, म्हणून तो विनोद अजून टिकून आहे.

दुसरी रेघ अधिक महत्त्वाची, आणि ती रक्ताच्या प्रमाणावरून ओढता येत नाही. ही गोष्ट स्वतःला खरी म्हणवते का, एवढेच पाहावे. तात्या विंचू कधी म्हणाला नाही की मी खरा आहे. पण ‘सीसीटीव्हीत सापडलेली हडळ’, ‘या रस्त्यावर रात्री जाऊ नका’, ‘हा मंत्र पुढे पाठवला नाही तर’ अशा चित्रफिती तीस सेकंदांत तेच म्हणतात. त्यांत सुळे नसतात, रक्त नसते, कधी कधी नुसती हलणारी सावली असते, आणि तरी घरात येऊ द्यायला त्या सगळ्यांत वाईट, कारण त्या खेळत नाहीत, फसवतात. मूल असली फीत दाखवायला आले तर फोन हिसकावू नये. त्याच्याबरोबर बसून तसलीच एक खोटी फीत बनवावी, दोरीने खुर्ची ओढून. पुन्हा कुणी त्याला फसवू शकणार नाही.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत येलदरीसारख्या प्रत्येक गावात एक संध्याकाळ यासाठी काढावी, असे माझे आवाहन आहे. शाळेचा प्रोजेक्टर किंवा कुणाचा तरी मोठा टीव्ही पुरे. पोरांनी पुठ्ठ्याची सोंगे काढावीत, म्हाताऱ्यांनी लहानपणी ऐकलेली भुते सांगावीत, एखादा जुना सिनेमा लावावा, आणि शेवटी दिवे लावून शिक्षकांनी मुखवट्यामागची युक्ती मुलांकडूनच सांगून घ्यावी. वेताळासारखा एक प्रश्नही विचारावा, न्यायाचा. आणि त्याच गावात कुणी बाधा उतरवतो म्हणून आजारी माणसाला दोरखंडाने बांधू लागला, तर त्याला खेळ समजून पाहत राहू नये. माणसाला दवाखान्यात न्यावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. कायदा २०१३ पासून आपल्या हाती आहे.